साहेबांची भाषा आणि संस्थेचा स्वभाव

तळटीप (धागाकर्ती)

ऑगस्ट-सप्टेंबर हा माझा सुगीचा काळ. सहकारी संस्थांना आर्थिक वर्ष संपल्यावर सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. त्यामुळे पुण्यातल्या झाडून सगळ्या पतसंस्था आणि सहकारी बँका एकदम जाग्या होतात आणि छापखान्यांत अहवालांच्या प्रुफांचे ढीग पडतात. त्यातले काही माझ्या टेबलावर येतात. जोडीला शेअर बाजारात नोंदलेल्या एकदोन कंपन्यांच्या चेअरमनच्या पत्रांचं मराठी करायचं काम असतं.

इतकी 'मनोगतं' वाचून एक खोड लागली आहे. ताळेबंदाचं पान उघडायच्या आधी अध्यक्षांचं मनोगत वाचायचं, संस्थेचं बरं चाललंय की वाईट, आत माणसं मोकळेपणानं बोलत असतील की जपून, याचा अंदाज बांधायचा आणि मग आकड्यांकडे जायचं. अंदाज पुष्कळदा जुळतो. विशेषणांवरून नव्हे. 'दैदीप्यमान वाटचाल' आणि 'सभासदाभिमुख कारभार' बुडत्या संस्थेच्याही अहवालात असतात. क्रियापदांवरून. एका पतसंस्थेच्या (नाव विचारू नका, पोटाचा प्रश्न आहे) एकाच पानावरची ही तीन वाक्यं बघा:

"अहवाल सालात आम्ही ठेवींचे उद्दिष्ट पूर्ण केले."
"ऑडिट वर्ग 'अ' आम्ही सातत्याने राखला आहे."
"थकबाकीच्या प्रमाणात काही अंशी वाढ झाल्याचे दिसून येते."

ठेवी कोणीतरी आणल्या, वर्ग कोणीतरी राखला. थकबाकी मात्र आपली आपणच वाढली आणि तीही कोणाला तरी नुसती 'दिसून' आली.

यावर परदेशात बराच अभ्यास झालाय. मिशिगन विद्यापीठातल्या फेंग ली यांनी २००८ मध्ये दाखवलं की ज्या अमेरिकी कंपन्यांची कमाई कमी, त्यांचे अहवाल वाचायला जास्त अवघड असतात. स्टॅनफर्डच्या लार्कर आणि झाकोल्युकिना यांनी २०१२ च्या अभ्यासात कंपनीप्रमुखांच्या विश्लेषकांशी होणाऱ्या फोनबैठकांचे हजारो मजकूर तपासले. ज्यांचे हिशेब पुढे खोटे ठरले, ते प्रमुख 'तुम्हाला माहीतच आहे' छापाची वाक्यं जास्त वापरत, साधं 'चांगलं' म्हणायचं तिथे 'अफलातून' म्हणत आणि भागधारकांच्या हिताचा उल्लेख टाळत. चॅटर्जी आणि हॅम्ब्रिक यांनी २००७ मध्ये संगणक क्षेत्रातले १११ सीईओ घेतले. मुलाखतीत 'मी' किती वेळा येतं, अहवालात साहेबांचा फोटो केवढा छापलाय, असल्या खुणांवरून त्यांचं आत्मप्रेम मोजलं. अशा साहेबांच्या कंपन्या दुसऱ्या कंपन्या जास्त विकत घेत होत्या आणि त्यांची कामगिरी एका वर्षी आभाळाला, दुसऱ्या वर्षी जमिनीला. सरासरी मात्र इतरांएवढीच.

(फोटोचा निकष मला फार आवडला. आपल्याकडे लावला तर काही अहवालांत मोजपट्टी पुरणार नाही.)

तर प्रश्न असा, की प्रमुखाच्या भाषेवरून संस्था ओळखता येते का? तुमच्या कंपनीत, कारखान्यात, बँकेत काय अनुभव?

सदाशिवपेठी

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष बोलतच नाहीत, फक्त सूचना लावतात. त्यावरून स्वभाव कळतो, अभ्यासाची गरज पडली नाही.

आकडेमोड

विषय रंजक आहे, पण शितावरून भाताची परीक्षा करताना शीत त्याच पातेल्यातलं आहे ना, हे आधी बघावं. चेअरमनचं पत्र चेअरमन लिहीत नाही. जनसंपर्कवाले लिहितात, कंपनी सेक्रेटरी तपासतात, वकील त्यातला जीव काढून घेतात, साहेब शेवटी सही करतात. मग तुम्ही मोजताय कोणाची भाषा?

दुसरं, त्या 'मी'बद्दल. २०१५ मध्ये केरी आणि इतरांनी ४,८०० हून जास्त लोकांवर हेच तपासलं. आत्मप्रेम आणि 'मी'चा वापर यांचा संबंध जवळजवळ शून्य निघाला. टेक्सासच्या पेनबेकर यांचं काम तर उलट दिशेनं जातं. दोन माणसांच्या संभाषणात 'मी' जास्त वापरतो तो खालच्या पायरीवरचा, वरचा कमी. आता साहेब मी-मी करत असतील तर ते मग्रूर म्हणायचे की धास्तावलेले?

तिसरं, लार्करवाला अभ्यास खोटं बोलणारे ओळखण्यात नाणेफेकीपेक्षा बरा आहे, पण थोडाच. त्यावर कोणाला चौकशीला बोलावता येणार नाही.

आणि सत्यम ही हैदराबादची संगणक कंपनी? ७ जानेवारी २००९ ला तिचे अध्यक्ष राजू यांचं हिशेब फुगवल्याची कबुली देणारं पत्र आलं. आदल्याच वर्षी त्या कंपनीला उत्तम कंपनी-कारभाराचा गोल्डन पीकॉक पुरस्कार मिळाला होता. परीक्षकांनी अहवाल वाचलेच असतील की. भाषेवरून कोणाला काय कळलं?

शिफ्टवाला

भोसरी, चाकण, रांजणगाव अशी माझी नोकरी झाली. चेअरमनचं पत्र आमच्यापर्यंत येत नाही. आमच्यापर्यंत येतो तो प्लांट हेड, पहिल्या पाळीच्या मीटिंगला. त्यामुळे मी पातेल्यातलंच शीत सांगतो.

एका कारखान्यात (गाड्यांचे सुटे भाग, बाकी काही सांगत नाही) आमचे साहेब सकाळी थेट लाल बिनपाशी यायचे. लाल बिन म्हणजे रिजेक्ट माल टाकायचा डबा. त्यातला एखादा पार्ट उचलायचे आणि पहिला प्रश्न: "हा कोणाच्या मशीनचा?" बस. नाव कळलं की पुढचं भाषण त्या नावावर. परिणाम काय झाला? दोनेक महिन्यांत लाल बिन रिकामा. रिजेक्शनचं रजिस्टर इतकं स्वच्छ की हेड ऑफिसनं कौतुकाची मेल पाठवली. खराब पार्ट जेवणाच्या सुट्टीत भंगाराच्या ट्रॉलीत तळाला जात होते आणि जे थोडे इकडेतिकडे होते ते चांगल्या मालात मिसळून गिऱ्हाइकाकडे. गिऱ्हाइकाच्या लाइनवर ते अडकले की तिकडून डेबिट नोट, म्हणजे आमच्या बिलातून कपात. मग साहेब आणखी चिडणार आणि दुसऱ्या दिवशी परत, "हा कोणाच्या मशीनचा?"

त्यांची बदली झाली आणि नवे आले. तेही लाल बिनपाशीच यायचे, पण खिशात गेज घेऊन. पार्टच्या बोअरमध्ये गो-नो गो गेज (भोक मापात आहे की नाही ते दाखवणारं) स्वतः घालून बघायचे आणि विचारायचे, "मागच्या सेटिंगपासून काय काय बदललं?" टूल बदलला का, कूलंट कधी भरलं, माल कुठल्या हीटचा (धातूच्या कुठल्या ओतीचा), रात्रपाळीला ऑफसेट कोणता दिला. यातही 'कोणी' यायचं, पण सगळ्यात शेवटी, आणि तेही त्या माणसाला बोलावून माहिती घ्यायला. पहिल्या महिन्यात रजिस्टरमधलं रिजेक्शन धडाधड वाढलं. हेड ऑफिसमधून फोन, तिकडे काय चाललंय म्हणून. साहेबांनी तो आकडा खाली आणायचा प्रयत्नच केला नाही. डेबिट नोटा कमी झालेल्या दिसायला पुढची तिमाही उजाडली.

माणसं तीच, मशीन तीच, पगार तोच. सकाळच्या एका प्रश्नानं खरं लिहायचं की लपवायचं ते ठरत होतं. त्यामुळे आकडेमोड, तुमच्या नाणेफेकीचं मला माहीत नाही.

वॉर्डबॉय नव्हे

शिफ्टवाला, तुमचा लाल बिन आमच्या वॉर्डातही आहे, फक्त रंग वेगळा. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांमध्ये औषध देण्यातल्या चुका मोजल्या होत्या (१९९६). अपेक्षा अशी की चांगल्या गटात चुका कमी असणार. निघालं उलटंच. जिथे प्रमुख चांगली, गटाचं जमतं, तिथे नोंदलेल्या चुका जास्त. त्यांनी लावलेला अर्थ असा की तिथल्या परिचारिकांना सांगायची भीती वाटत नव्हती.

मी पुण्यातल्याच एका मोठ्या रुग्णालयात नोकरी केली. सकाळच्या राउंडला आमच्या मेट्रन "रात्री काय राहून गेलं?" असं विचारायच्या. राहून गेलेलं असणारच हे त्यांनी गृहीत धरलेलं, त्यामुळे सांगताना जीभ अडायची नाही. नंतर आलेल्या बाई विचारायच्या, "सगळं नीट आहे ना?" याला 'हो' सोडून दुसरं उत्तर असतं का? इन्सिडंट फॉर्मचा गठ्ठा त्यांच्या काळात कपाटात पिवळा पडला.

हिंजवडीत नाइलाजाने

आमच्याकडे भाषा एकदम समतेची. सीईओला नावानं हाक मारायची, सर-मॅडम बंद, टाउनहॉलला साहेब टी-शर्टात. 'वी आर अ फॅमिली' दर तीन वाक्यांनी. मग एका मंगळवारी काही लोकांचं लॉगिन चालेना. आयटीवाल्यांना फोन केला तर म्हणाले तिकीट टाका. तिकीट कुठून टाकणार, लॉगिनच नाही! दुपारी मेल आली, त्यात 'फॅमिली' नव्हती, 'रिसोर्स ऑप्टिमायझेशन' होतं.

नावानं हाक मारणाऱ्या त्याच टीममध्ये रिव्ह्यू कॉलवर साहेबांच्या आधी कोणी म्यूट काढत नाही. 'अहो साहेब' म्हणून भांडणारे लोक मी आधीच्या कंपनीत, पिंपरीत, पाहिलेत. तेव्हा तळटीप ताई, हाक मारायच्या पद्धतीवरून काही ठरवू नका एवढंच सांगेन.

आकडेमोड

शिफ्टवाला, तुमचा अनुभव पटला, वादच नाही. पण तो प्लांट हेडच्या *कृतीचा* पुरावा आहे. प्रश्नानंतर ते माणसाला झापायचे की नाही, यानं फरक पडला. नुसता प्रश्न बदलून पुढे झापणं चालू ठेवलं असतं तर? लोक आठवड्यात ओळखतात.

दिशेबद्दल आणखी एक उदाहरण देतो. स्टीफन एलोप. फेब्रुवारी २०११ मध्ये नोकियाचे प्रमुख असताना त्यांनी कर्मचाऱ्यांना ते प्रसिद्ध पत्र लिहिलं, आपण समुद्रातल्या जळत्या तेल-फलाटावर उभे आहोत, असं. इतकं रोखठोक की बाहेर फुटल्यावर कंपनीचे आहेत ते फोन विकणंही अवघड झालं, असं अनेकांचं मत आहे. मग नोकियाचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टनं घेतला, एलोप तिकडे गेले. जुलै २०१४ मध्ये त्याच गृहस्थांनी तिथे दुसरं पत्र लिहिलं. सुरुवात 'हॅलो देअर'नं, मग उत्पादनं, धोरण, सुसूत्रीकरण असं लांबलचक काहीतरी, आणि सुमारे १२,५०० नोकऱ्या जाणार ही बातमी बऱ्याच खाली. त्याच दिवशी त्यांचे साहेब सत्या नाडेला यांनी एकूण १८,००० पर्यंत कपातीची मेल टाकली, त्यात आकडा सुरुवातीलाच.

माणूस तोच, कंपनी बदलली, भाषा पार बदलली. म्हणजे साहेब संस्थेला घडवतात की संस्था साहेबांच्या तोंडात शब्द घालते? माझं मत दुसऱ्याकडे झुकतं.

तळटीप

आकडेमोड, तुमचा पहिला आक्षेप (पत्र साहेब लिहीत नाहीत) मला मान्य आहे आणि माझ्या दृष्टीनं तीच तर मौज आहे. मी ते मसुदे खालून वर जाताना बघते.

एक नमुना. वसुली विभागातल्या अधिकाऱ्यानं पहिल्या मसुद्यात लिहिलं: "यंदा आपली वसुली कमी पडली. दोन मोठी कर्जे तारण नीट न तपासता दिली गेली." व्यवस्थापकांनी दुसरं वाक्य खोडलं. सरव्यवस्थापकांनी पहिलं बदललं: "वसुलीस अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाही." संचालक मंडळाकडून परत आलं तेव्हा: "प्रतिकूल आर्थिक परिस्थितीतही वसुलीचे प्रयत्न सातत्याने सुरू आहेत." अध्यक्षांनी यात एक अक्षरही लिहिलेलं नाही. त्यांची सही तेवढी. पण मधल्या प्रत्येकानं 'वर काय चालेल' याचा अंदाज बांधून खोडलं. तो अंदाज त्यांना कुठून आला? मागच्या वर्षी काय खपलं, कोणाला बोलणी बसली, कोणाची बढती अडली, यावरून. त्यामुळे पत्र एजन्सीनं लिहिलं की अध्यक्षांनी, यानं मला फारसा फरक पडत नाही. इतक्या हातांतून जाऊन जे वाक्य शिल्लक उरतं, ते त्या संस्थेचंच असतं.

याच्या उलट एक छोटी पतसंस्था आहे, कोथरूडकडची. तिच्या अध्यक्षांनी प्रुफावर मला स्वतः पेन्सिलनं लिहून पाठवलं होतं, "'दिसून येते' काढा. 'आम्ही कमी पडलो' घाला." मी घातलं. दुसऱ्या वर्षी तिथल्या शाखांचे अहवाल आले. शाखाधिकारी सुद्धा "या महिन्यात आम्ही अमुक करायला विसरलो" असं लिहायला लागले होते. आधीच्या वर्षीचे त्याच शाखांचे कागद माझ्याकडे आहेत, त्यात सगळीकडे 'निदर्शनास आले'.

एलोपचं उदाहरण छान आहे. पण त्यातून माझा मुद्दा बळकटच होतो ना? मायक्रोसॉफ्टच्या त्या विभागात कुठलं वाक्य खपतं, हे त्या दुसऱ्या पत्रानं सांगितलं. माणसाविषयी ते काही सांगत नसेल, मान्य. संस्थेविषयी सांगतं.

सत्यमचं म्हणाल तर ते शेवटचं पत्र पुन्हा वाचा. वाघावर स्वार झाल्याची उपमा सगळ्यांना आठवते, पण ती नंतर येते. सुरुवातीला थेट आकडे आहेत. ताळेबंदात दाखवलेली पण प्रत्यक्षात नसलेली रोख आणि बँकशिल्लक ५,०४० कोटी रुपये, पुढे इतर रकमा ओळीनं. विशेषणं गेली आणि रकमा आल्या. (तीच कंपनी पुढे पुण्यात कारभार असलेल्या टेक महिंद्रानं घेतली, तेव्हा इथल्या बऱ्याच जणांना तो काळ आठवत असेल.)

मोडीवाचक

अवांतर होईल, पण पुण्यात बसून हा धागा वाचताना राजवाडे आठवणारच. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी तीन काळांतली मराठी पत्रं घेऊन शब्द मोजले होते. १६२८ च्या पत्रात मराठी शब्द १४.४ टक्के, बाकी बहुतेक फारसी. १६७७ मध्ये मराठी ६२.७ टक्के. १७२८ मध्ये ९३.७. मधल्या काळात काय झालं ते सांगायला नको. शहाजीराजांची मुद्रा फारसीत, शिवाजी महाराजांची संस्कृतात. राज्याभिषेकाच्या सुमारास रघुनाथपंतांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय. नेत्यानं ठरवून भाषा बदलली आणि कारभाराचा कागद बदलला, याचं यापेक्षा मोठं उदाहरण आपल्याकडे नाही.

आकडेमोड

मोडीवाचक, राजवाड्यांबद्दल पूर्ण आदर ठेवून: तीन पत्रं! वेगवेगळ्या कामाची, वेगवेगळ्या हातांची. महसुलाच्या कागदात फारसी जास्त, घरगुती पत्रात कमी, हे कोणत्याही दशकात सापडेल.

मोडीवाचक

मंडळात या एकदा, रुमाल (जुन्या कागदांची कापडी गाठोडी) सोडून दाखवतो. तीनच का, हवी तेवढी मोजा. राजवाड्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० मध्ये काढलं ते तुमच्यासारख्यांना कामाला लावायलाच. पण प्रवाहाची दिशा तीच दिसेल. आणि हो, त्यात एकट्या कोशाचा वाटा किती, हे मलाही मोजून हवंय. कारकून बदलले, दप्तर मराठी माणसांच्या हाती आलं, हाही भाग आहेच.

दुभाषी

मी जपानी दुभाषी आहे, पुण्यात आमची जमात बरीच आहे. सुपे, रांजणगाव, तळेगाव असं फिरणं होतं. भाषा ठरवून बदलण्याचं आजच्या कंपनीतलं ठळक उदाहरण राकुतेन, ऑनलाइन विक्रीची जपानी कंपनी. २०१० मध्ये त्यांचे प्रमुख हिरोशी मिकितानी यांनी जाहीर केलं की दोन वर्षांत सगळ्यांनी इंग्रजीत काम करायचं. सात हजारांवर जपानी कर्मचारी. रातोरात उपाहारगृहातला मेनू इंग्रजीत. परीक्षेत ठरलेले गुण पडले नाहीत तर पदावनतीची भीती. तेव्हा होंडाच्या प्रमुखांनी याला मूर्खपणा म्हटलं होतं, आणि २०१५ मध्ये खुद्द होंडानं २०२० पर्यंत आंतरराष्ट्रीय बैठका इंग्रजीत नेण्याचं ठरवलं! आपल्या चाकणची मूळ कंपनी फोक्सवॅगन, तिनंही २०१६ मध्ये समूहाची भाषा इंग्रजी करायचं जाहीर केलं, कारण बाहेरचे वरिष्ठ अधिकारी जर्मनच्या अटीमुळे येत नव्हते.

राकुतेनचा अभ्यास हार्वर्डच्या त्सेदाल नीली यांनी वर्षानुवर्षं केला. मला त्यातली गंमत अशी वाटली, की अमेरिकेतले कर्मचारी आधी खूश झाले, आपलीच भाषा आली म्हणून. पण इंग्रजीच्या वाटेनं जपानी मुख्यालयाची शिस्त, ओळखपत्र कसं लावायचं इथपासून, त्यांच्यापर्यंत थेट पोचली आणि मग कुरकुर सुरू. ज्यांची मातृभाषा ना जपानी ना इंग्रजी, ते त्यातल्या त्यात लवकर रुळले.

माझं स्वतःचं एक निरीक्षण. जपानी साहेब बिघाडाचं मूळ शोधताना पाच वेळा 'का' विचारतात, ती त्यांची पद्धतच आहे. मी सुरुवातीला तसंच्या तसं "का?" असं विचारायचे. तिसऱ्या 'का'ला ऑपरेटर खाली बघायला लागायचा. आपल्याकडे साहेबानं तीनदा 'का' विचारलं म्हणजे चौकशी बसली. मग मी "कशामुळे?" म्हणायला लागले. साहेबांना यातलं काही कळत नाही, ते तेच बोलतात. त्या ओळीवर पोचणारी साहेबांची भाषा खरं तर माझी आहे, आणि याचा पगार मला वेगळा मिळत नाही.

शिफ्टवाला

दुभाषी ताई, हे आमच्या क्वालिटीवाल्यांना वाचून दाखवणार.

अभिजात मराठी

इतकी चर्चा झाली पण मूळ दुखणं कोणी बोलत नाही. साहेब मराठी बोलतच नाहीत. महाराष्ट्रात कारखाना, गेटवर हिंदी. अशा कंपनीचा स्वभाव काय डोंबल कळणार?

चाकण-तळेगाव

अहो, पण लाइनवर अर्धी मुलं ओडिशा-बिहारची आहेत. त्यांना मराठीत काय सांगणार?

अभिजात मराठी

मग शिकवा! इथे राहायचं तर

*(प्रतिसादाचा उर्वरित भाग आणि त्यावरचे उपप्रतिसाद संपादित. मराठी-हिंदी वादासाठी वेगळे धागे आहेत, तिथे भांडा. — संपादक मंडळ)*

शिफ्टवाला

संपादकांची परवानगी गृहीत धरून एकच कामाची गोष्ट. जुना कारखाने अधिनियम १९४८, कलम १०८ (नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या श्रमसंहितेनं घेतली). कायद्यानं लावायच्या सूचना इंग्रजीत आणि कारखान्यातल्या बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, मुख्य दरवाजाजवळ सहज दिसतील अशा लावायच्या, असा त्याचा नियम होता. आता मी पाहिलेल्या एका मोल्डिंग शॉपमध्ये कायम कामगार मराठी, ठेकेदारीवरची पोरं बहुतेक ओडिया. प्रेसवर हात जाण्याचा धोका कोणाला? ठेकेदारीवाल्यांना. पाट्या कोणत्या भाषेत? इंग्रजी आणि मराठी. साहेबांचं सेफ्टी डेचं भाषण 'प्रत्येक कामगार आमच्यासाठी मोलाचा' असं. तळटीप ताईंना संस्थेचा स्वभाव वाचायचा असेल तर त्यांनी अहवाल बाजूला ठेवून त्या प्रेसवरची पाटी वाचावी. पुढे एका सुपरवायझरनं स्वतःच ओडिया मुलाकडून लिहून घेऊन स्टिकर लावला. तोही ऑडिटच्या दिवशी 'अनधिकृत' म्हणून काढला.

वाडीकर

गिऱ्हाईक कोण, यावरून भाषा ठरते याचं जुनं उदाहरण देतो. किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' निघालं ते कारखान्याचा माल आणि बातमी लोकांपर्यंत नेण्यासाठी. लोखंडी नांगर घेणारा शेतकरी मराठी, म्हणून पत्रिका मराठी. शंकरराव किर्लोस्करांनी पुढे त्याचं पूर्ण मासिकच केलं. कारखान्याच्या प्रचारपत्रातून घराघरांत वाचलं जाणारं मासिक उभं राहिलं. आज कुठल्या पुणेरी कंपनीचं घरचं मासिक कोणी विकत घेऊन वाचेल?

सदाशिवपेठी

फुकट दिलं तरी वाचणार नाही. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष तेवढ्यात ते छापून सूचनाफलकावर लावतील, याची भीती.

आकडेमोड

तळटीप, मसुद्यांचा मुद्दा विचार करण्याजोगा आहे. त्यावरून आठवलं. वुओरी आणि ह्यूई या दोघांनी नोकियातल्या ७६ जणांशी बोलून २०१६ मध्ये निबंध लिहिला. एलोप यायच्या आधीच्या काळाबद्दल. वरचे अधिकारी तापट, मधल्या फळीला त्यांची भीती, म्हणून नव्या फोनप्रणालीला उशीर होतोय हे खालून वर स्पष्ट सांगितलंच गेलं नाही. वरच्यांना वाटत राहिलं काम रुळावर आहे. तुमच्या वसुली अधिकाऱ्याचं खोडलेलं वाक्य म्हणजे तेच, पतसंस्थेच्या मापाचं.

तरी माझा हट्ट कायम. तुम्हाला तुमचा अंदाज जुळतो असं *वाटतं*, कारण जुळलेले लक्षात राहतात. या हंगामात आकडे बघायच्या आधी प्रत्येक मनोगतावर अंदाज लिहून तारीख घाला. नंतर मोजू. हिशेब मी फुकट करून देईन.

तळटीप

चालेल. नावं काळी करून पाठवते. तुम्ही मनोगत न वाचता नुसत्या आकड्यांवरून तोच अंदाज करायचा, म्हणजे तुलना होईल.

एक भर: हल्ली मी पत्रात काय आहे यापेक्षा काय *गायब* झालं ते बघते. गेल्या वर्षी 'नवीन संगणक प्रणाली लवकरच' होतं, यंदा प्रणालीचा उल्लेखच नाही, झाली की रद्द झाली तेही नाही. ज्या संस्था 'गेल्या वर्षी अमुक म्हणालो होतो, ते झालं नाही, कारण हे' असं एक वाक्य लिहितात, त्यांचे शाखाधिकारी फोनवरही सरळ बोलतात. वॉरन बफे भागधारकांना पत्र लिहिताना आपल्या दोन बहिणी समोर आहेत असं धरून लिहीत, असं त्यांनीच सांगितलंय. हुशार, पण हिशेबातल्या नव्हेत. बहिणीला मागच्या वर्षीचं आठवत असतं, हा त्यातला खरा धाक.

नवखा सभासद

सगळं वाचलं, भारी धागा. माझी आईच्या नावाची ठेव एका पतसंस्थेत आहे, येत्या रविवारी सभा आहे, आईच्या सोबत जाणार आहे. प्रश्न कधी विचारायचा? नोटिशीत शेवटी 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' आहे, तिथे का?

तळटीप

तिथे अजिबात नको. तोपर्यंत अर्धा हॉल उठलेला असतो आणि परवानगी मा. अध्यक्षांची लागते. विषय क्रमांक एक बघा: 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.' गेल्या वर्षीचा अहवाल आणि इतिवृत्त सोबत न्या, त्यातल्या एका आश्वासनावर पेन्सिलनं खूण करा, आणि 'कायम' म्हणायच्या आधी आईंना हात वर करायला सांगा. सभासद त्या आहेत, प्रश्न त्यांनीच विचारावा. उत्तराला सुरुवात कशी होते तेवढी इथे येऊन लिहा.

नवखा सभासद

नक्की. आणि अल्पोपहार इतिवृत्ताच्या आधी असतो की नंतर?

सदाशिवपेठी

नंतर. म्हणून तर इतिवृत्त दोन मिनिटांत कायम होतं.